सुले, फाल्गुनात फरशी गार नसते

सुले, तू गेल्याची बातमी सगळ्यांत आधी माझ्याकडे होती, आणि म्हणूनच ती बराच वेळ कुठे पोचली नाही.

मी फोन केले ना. आपल्या पोळीभाजी केंद्राच्या ओट्याला टेकून, पिठाच्या हाताने. पहिला तुझ्या प्राजक्ताला, ठाण्याला. "पोरी, आई गेली," म्हटलं. ती कोपरीच्या घरात डबा भरत असणार. म्हणाली, "मावशी, प्लीज, सकाळी सकाळी नको," आणि ठेवला. मग आमच्या ह्यांना, दिव्याला घरी. ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात चुलत्याला मारलंस, आता सुलभाताई का?" शेवटी बाहेर येऊन वर दुसऱ्या मजल्यावरच्या नेने काकांना हाक मारली. ते गॅलरीतून वाकून म्हणाले, "कमलबाई, अंघोळ करून येतो, मग सांगा पुढचं."

मग रेखाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. आपली भाजी चिरणारी रेखा, जी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजून चार वाक्यं बोलते आणि त्यातली दोन कोथिंबिरीशी. तिने प्राजक्ताला फोन लावला आणि मी सांगितलं होतं तेच सांगितलं. पलीकडून जो आवाज आला, तो फोन माझ्या कानाला नसूनही मला ऐकू आला.

आता मी थापाडी, हे मला ठाऊक आहे. उल्हास नदीला पूर आलेला तेव्हा शहाडच्या पुलाखालून पाठीवर म्हैस घेऊन पोहत आलेली बाई म्हणून मला अर्धी डोंबिवली ओळखते. उरलेली अर्धी ओळखत नाही, कारण ती तुझ्याकडून पोळ्या घ्यायची. मी गोष्ट सांगायचे, गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून ऐकायचं, आणि मग सगळे तुझ्याकडे बघायचे. तू तव्यावरची पोळी उलटवायचीस आणि मान वर न करता म्हणायचीस, "कोंबडी होती. पाणी घोट्याएवढं." की झालं. लोक कोंबडीवर विश्वास ठेवून पोळ्या घेऊन जायचे. माझी निम्मी अब्रू तू घालवलीस आणि उरलेली निम्मी तुझ्यामुळेच टिकली. कारण कधी कधी तू म्हणायचीस, "नाही, हे खरंय तिचं." तू खरंय म्हटलंस की ते खरं. त्यावर अपील नाही.

त्या दिवशी मला कोणी तसं म्हणायला हवं होतं. आणि जी म्हणाली असती ती भिंतीला टेकून बसलेली होती.

त्या सकाळचं मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला तू जागाच ठेवली नाहीस. कणीक मळून झालेली. कुकरची पहिली शिट्टी झालेली. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस, म्हणालीस, "जरा बसते गो," आणि भिंतीपाशी सतरंजीवर बसलीस. मी तवा पुसत होते आणि तुला दिव्याच्या टँकरचं सांगत होते. चार दिवस पाणी नाही, आणि टँकर आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन अशा धावल्या की टँकरच घाबरून मागे सरकला. मध्येच तू म्हणालीस, "कणीक झाक, कोरडी पडेल." मी ओला फडका टाकला आणि पुढे चालू. टँकर मागे, बायका पुढे, ड्रायव्हर टपावर चढलेला. एवढं सांगून मी थांबले, कारण इथे तुझं वाक्य होतं. "टँकर वळत होता गो," असं काहीतरी. ते आलं नाही. मला वाटलं तू ऐकलं नाहीस, म्हणून मी ड्रायव्हरला टपावरून विजेच्या खांबावर चढवला. तरी नाही.

तू माझी गोष्ट संपायच्या आधी गेलीस का नंतर, हे मला कधीच कळणार नाही. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आले. (हे खरंय. रेखाला विचार.) त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि म्हणाले, हार्ट असावं, झटकन गेल्या, त्यांना कळलंही नसेल. तुला कळलं नाही, ठीक. मला तरी कुठे कळलंय अजून? मी काल बाजारात तुझ्यासाठी पण आलं घेतलं.

संध्याकाळी तुझं घर भरलं. तुझे गुहागरकडचे लोक आले, बिल्डिंग आली, आपली डबेवाली पोरं दारात चपला काढून उभी राहिली. प्राजक्ता माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, आई शेवटचं काय म्हणाली?" तुझी नणंद पुढे सरकली. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेवर तीन शेवट तयार होते, एकाहून एक. त्यातल्या एकात तर देवघरातली समई आपोआप शांत झाली होती. पण पोरीचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "कणीक झाक म्हणाली. कोरडी पडेल."

प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. हेच म्हणाली असणार." आणि माझ्यासमोर तेव्हा पहिल्यांदा रडली.

तिनेच दुसऱ्या दिवशी विचारलं, केंद्राचं काय. "मावशी, बंद केलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. चालवायचं असेल तर चालव. पण आई नाही आता. तुझा हात चालेल का, तेवढं फक्त खरं सांग."

खरं सांग. मला. सुले, बघतेस ना कसले दिवस आलेत.

हाताची गोष्ट तुला काय सांगायची, तूच तर त्या हाताची आई. पण मला पुन्हा एकदा सांगू दे, कारण मी सांगते तेव्हाच तू कुठेतरी जवळपास आहेस असं वाटतं, मध्येच तोडायला.

आपल्या केंद्रात लाटणारी मी आणि भाजणारी तू. माझ्या पोळ्या म्हणजे पोळपाटावरून उडून थेट तव्यावर पडायच्या. (तू: "दोनदा खाली पडल्या.") मग गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा धरला. दिव्याला राहायचं म्हणजे हंडे आलेच, चार जिने आलेच, आणि वरून दिवसभर लाटणं. आधी नुसती कळ. मग ब्लाउजचं मागचं हूक लागेना. मग वरच्या फळीवरचा डबा निघेना. मग केस. सांगायला लाज वाटते, पण माझ्यासारखी बाई, जिने पुरात म्हैस पाठीवर घेतली, तिचा हात कानाच्या वर जाईना. तू एकदा नुसतं माझ्याकडे बघितलंस, वळकटी झालेला अंबाडा सोडलास, फणी घेतलीस आणि घालून दिलास. त्यानंतर रोज. कणीक मळायच्या आधी माझी वेणीफणी. मी तुला सांगायचे, आमच्या आज्जीचे केस विहिरीच्या तळापर्यंत जायचे, आणि तू केसातला गुंता ओढून म्हणायचीस, "हलू नकोस."

कल्याणच्या दवाखान्यात तूच नेलंस. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई शांत होत्या, अगदी तुझ्यासारख्या. म्हणाल्या, खांदा आखडलाय, याला वेळ लागतो, महिने लागतात, घाई केलीत तर रुसेल. भोवतीचे स्नायू मोकळे ठेवा, बोटं भिंतीवरून वर चालवा, रोज. मी विचारलं, "जोरात रगडलं तर लवकर होईल का?" त्या म्हणाल्या, "नाही." मी बाहेर येऊन सांगितलं की बाईंनी सांगितलंय जोरात रगडा. तू रिक्षात बसता बसता म्हणालीस, "मी तिथेच होते, कमळे."

आणि मग तू केंद्रात अख्खा आखाडाच मांडलास. प्राजक्ताच्या शाळेतला जुना मोजा, त्यात दोन रबरी चेंडू, वरून गाठ. तो खांद्यावरून मागे सोडायचा, भिंतीला टेकायचं आणि खवाट्याच्या कडेने चेंडू फिरवायचे. मोज्यामुळे चेंडू पळत नाहीत, ही तुझी अक्कल. एक चेंडू ओट्यावर, त्यावर कोपरापासून मनगटापर्यंत हात दाबत न्यायचा, कारण लाटणाऱ्या बाईचा हात इथेच दगड होतो. टाचेसाठी फ्रीजमध्ये बर्फ झालेली पाण्याची बाटली. पोटऱ्यांना पापडाचं लाटणं, ते रेघारेघांचं. प्राजक्ताने जांभळा फोमचा रोलर आणला, अंगावर फोड आल्यासारखा. मी त्याला दोन दिवस लोड समजून टेकून बसले. तू म्हणालीस, "यावर बसायचं नाही, यावर लोळायचं." मग रेखासकट आपण तिघी सकाळी शटर अर्धं ओढून फरशीवर अशा लोळायचो की पहिल्यांदा दूधवाल्याने आत वाकून बघितलं आणि पिशव्या बाहेरच ठेवून पळाला. (हे तू पण नाकारलं नाहीस.)

तुझे नियमही तुझ्यासारखेच, रुक्ष. हाडावर नाही. मानेवर नाही. दुखरी जागा सापडली की तिथे थांबायचं, घासायचं नाही, श्वास सोडायचा, ती आपोआप सैल होते. आणि बोलता येईल एवढंच दुखवायचं, तोंड मिटलं म्हणजे जास्त झालं. मी म्हटलं, मला कितीही दुखलं तरी बोलता येतं. तू म्हणालीस, "तेच तर. तुझं माप लागूच पडत नाही. तू मरतानाही बोलत असशील."

आणि गेलीस मात्र तू. मी बोलत असताना.

आपलं भांडण इथेच होतं, ते मिटलंच नाही. माझं म्हणणं, दुखल्याशिवाय सुटत नाही. आमच्याकडे तालमीतले लोक पैलवानाच्या पाठीवर उभे राहतात. तुझं म्हणणं, स्नायू म्हणजे कणीक. हाणलीस तर ताणते, ठेवलीस तर सैल पडते. मी म्हणायचे, कणीक आणि मी एक का? तू म्हणायचीस, "कणीक कमी बोलते." मी तुझी पाठ वळली की चेंडूवर अख्खा देह टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी कण्हत यायचे. तू फणी घ्यायचीस.

त्या पापडाच्या लाटण्याचं तर मी अख्ख्या डोंबिवलीला सांगितलंय. मी त्याला नारायण तेल लावून पोटऱ्या रगडल्या आणि ते चुकून बाकीच्या लाटण्यांत गेलं, आणि माझ्या जागी लाटणाऱ्या रेखाने त्यानेच पोळ्या लाटल्या. माझ्या सांगण्यात त्या पोळ्या खाऊन नेने काका दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले आणि खालच्या आज्जींनी काठी टाकून दिली. खरं काय ते तू सांगायचीस: पहिली पोळी भाजताच वास आला, तू अख्खा ढीग बाजूला काढलास, लाटणं गरम पाण्याने तीनदा धुतलंस आणि त्यावर लाल नेलपॉलिशची पट्टी मारलीस, म्हणजे पुन्हा चूक नको. "एकही पोळी बाहेर गेली नाही," तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचीस. लोक हिरमुसायचे. त्यांना नेने काका जिना चढलेलेच हवे होते.

असली तू. तिळाएवढंही वाढवून न सांगणारी. पोळीला डाग पडला तर गिऱ्हाइकाला दाखवून देणारी.

मग भिंत. शटरच्या उजवीकडे जी रिकामी भिंत आहे ना, तिच्यावर माझी बोटं जिथवर चढली तिथे तू तुझ्या कपाळाची टिकली काढून चिकटवलीस. नियम असा की टिकलीला बोट लागलं की टिकली बोटभर वर. पहिल्यांदा ती माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. दिवाळीपर्यंत ती थोडी चढली. आणि मग थंडी पडली आणि हात बसला तो बसलाच. उलट खाली आला. रात्री कुशीवर झोपता येईना. टिकली तिथेच, माझा हात तिच्या चार बोटं खाली. एकदा मी भिंतीपाशीच रडले, आठवतं? तुला म्हटलं, मला नाही यायचं उद्यापासून. दुसरी बाई ठेव. नाहीतर ते पोळ्यांचं मशीन घे, गोल येतात, बोलत पण नाही. तू काही समजूत घातली नाहीस. तुला समजूत घालता येतच नाही. तू म्हणालीस, "उद्या ये. मग बघू."

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी सतरंजी घातलेली. तू म्हणालीस, "फरशी गार असते, पाय आखडले की वरचं सगळं आखडतं. यावर उभी राहा." मी उभी राहिले, बोटं चालवली, आणि सुले, लागलं! टिकलीला बोट लागलं! मी अशी ओरडले की समोरच्या मेडिकलवाल्याने फोन हातात घेतला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला. तू टिकली काढलीस, बोटभर वर लावलीस, आणि म्हणालीस, "हं. चल, कणीक."

त्यानंतर काय विचारतेस. टिकली चढतेय. मी सगळ्या बिल्डिंगला सांगतेय. संक्रांत झाली, टिकली कपाळापर्यंत. मी म्हटलं, मीच म्हटलं होतं ना, जोर लावला की सुटतं? तू म्हणालीस, "असेल." तू! तू "असेल" म्हणालीस, आणि मला संशय आला नाही. मग महाशिवरात्रीच्या सुमाराला तू टिकली वर न्यायची थांबवलीस. "आता इथेच ठेवू. मुरू दे." मी म्हटलं, मुरायला ते लोणचं आहे का? पण माझं रोज बोट लागत होतं, त्यामुळे मी खूश. पाडव्यापासून कमल पुन्हा लाटणार, हे मी फळ्यावर खडूने लिहिलं सुद्धा. तू ते वाचलंस आणि पुसलं नाहीस.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगते. प्राजक्ताला खरं सांगायचं होतं ना. मी रेखाला घेऊन केंद्र उघडलं. रेखाने तू गेलीस त्या दिवशीच सगळं धुऊन काढलेलं, सतरंजी तुझ्याबरोबर गेलेली, फरशी लख्ख. मी भिंतीपाशी गेले. म्हटलं, टिकलीला हात लावते आणि पोरीला फोन करते. बोटं चढवली. आणि लागेना.

चार बोटं कमी.

मी टाचा उचलल्या. कळ थेट कोपरात. पुन्हा केलं, नाही. मला वाटलं, तू गेलीस आणि जाताना हात पण घेऊन गेलीस. तीन दिवसांत महिन्यांची मेहनत गेली. मी खाली बसले आणि रेखाला म्हटलं, "संपलं बघ. बंद करायचं."

रेखा विळीवर बसली होती. तिने हातातली गवार खाली ठेवली. म्हणाली, "ताई, खाली पोती नाहीयेत."

"कसली पोती?"

"सतरंजीखाली. पिठाची. सुलभाताई घड्या घालून ठेवायच्या."

मी फरशीकडे बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही येणार नाही म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी दोन. मग वाढवत गेल्या. संक्रांतीला तर एवढी चळत होती," आणि तिने जमिनीपासून हात वर धरला. "मी म्हटलं त्यांना, कमलताईला कळेल. तर म्हणाल्या, तिला बोलू दे, बोलत असली की तिला खालचं कळत नाही."

सुले.

सुले, अगं, तू?

मला तुझ्या जाण्याचा जेवढा धक्का बसला, तेवढाच याचा बसला, आणि हे मी वाढवून सांगत नाही. कोंबडीला कोंबडी म्हणणारी बाई, माझ्या पायाखाली रोज खोटं अंथरत होती. हाताने घड्या घालून. वर सतरंजी टाकून. आणि मी, जिला माणसाच्या भुवईवरून थाप ओळखता येते, त्या थापेवर उभी राहून नाचत होते. संक्रांतीला ठीक आहे. पण होळी आली, पंखा लागला, घामाच्या धारा, आणि तू रोज सकाळी म्हणतेस, "फरशी गार आहे, सतरंजीवर उभी राहा." फाल्गुनात फरशी गार! डोंबिवलीत! मी असली थाप मारली असती तर मला लोकांनी शटरबाहेर काढलं असतं. तू मारलीस म्हणून ती फरशी मला खरंच गार लागत होती.

मी रेखाला म्हटलं, "म्हणजे माझा हात मुळात उघडलाच नाही?"

रेखाने मान हलवली. तिची चार वाक्यं केव्हाच संपली होती, तरी म्हणाली, "उघडलाय की. म्हणून तर त्या पोती काढत होत्या."

"काढत होत्या?"

"शिवरात्रीपासून. आठवड्याला एखादी. टिकली तिथेच, पोती कमी. तुमचं बोट तरी लागतच होतं. शेवटची दोनच राहिली होती. पाडव्यापर्यंत फरशीवर आणते म्हणाल्या."

आता कळलं, मुरू दे म्हणजे काय ते. तू खोटं सांगितलंस आणि मग रोज सकाळी, मी यायच्या आधी, ते थोडं थोडं काढून घेत होतीस. मला पत्ता लागू न देता मला खऱ्यावर उतरवत होतीस. माझ्या थापा मी मारते आणि सोडून देते, त्यांना ऊन लागो की पाऊस. तू आयुष्यात एक मारलीस, आणि तिच्याखालचं पोतं न् पोतं परत घडी घालून ठेवायला निघालीस.

मग दोन पोती उरलेली असताना कुठे चाललीस, सटवे? एवढी घाई? पंधरा दिवस थांबली असतीस तर मला कधी कळलंही नसतं. माझं बोट फरशीवरून टिकलीला लागलं असतं, मी लोकांना सांगितलं असतं की मी जोर लावून हात उघडला, आणि तू म्हणाली असतीस, "हे खरंय तिचं." आणि तुझी थाप कायमची पचली असती. आता मी सगळ्यांना सांगत सुटलेय. नेने काकांना सांगितलं. मेडिकलवाल्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. सुलभा खोटं बोलली! एकही जण विश्वास ठेवायला तयार नाही. काका म्हणाले, "कमलबाई, मेलेल्या माणसावर तरी नको."

तुझ्यावर आळ आणला म्हणून मलाच बोलणी. घे.

मला तुला विचारायचंय, रोज सकाळी मी नसताना पोत्यांच्या घड्या घालताना तुला कसं वाटत होतं? हसत होतीस का? का लाज वाटत होती? आणि माझा अंबाडा घालताना, माझ्या मागे उभी राहून, मी हात उघडल्याच्या बढाया मारत असताना, तुझा चेहरा कसा होता? मी कधी मागे वळून बघितलं नाही. तू हलू नकोस म्हणायचीस.

आणि एक, जे मी तुला कधीच म्हटलं नाही, कारण आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. हात दुखत होता ते महिने माझे सगळ्यांत बरे गेले. वयाच्या या टप्प्याला माझ्या केसांना रोज कोणी हात लावेल असं मला वाटलं नव्हतं. आईने लावला होता, तो लग्नाआधी. एवढंच. याच्यावर तू काही बोलू नकोस.

प्राजक्ताला मी फोन केला. म्हटलं, "खरं सांगते. हात चार बोटं कमी आहे." पोतीबिती सगळं सांगितलं. मला वाटलं तिने पुन्हा फोन ठेवला. मग म्हणाली, "आईने?" मी म्हटलं, "तुझ्या आईने." ती हसली का रडली ते फोनवर कळलं नाही. "आणि लाटता येईल?" तिने विचारलं. इथे माझ्या तोंडात हो होतं, सुले, चांगलं मोठं, ढोलताशासकट. मी गिळलं. म्हटलं, "माहीत नाही. लाटून बघते."

आज उघडलं. चेंडू लावले, तुझ्या पद्धतीने. दुखरी जागा आली की थांबले, श्वास सोडला. घासलं नाही. तोंड बंदच होतं, पण दुखण्याने नाही, बोलायला तू नव्हतीस म्हणून. फरशीवर उभी राहून बोटं चढवली, जिथवर गेली तिथवर गेली. मग कणीक मळली, अर्ध्या पायलीच्या ऐवजी थोडीच. उंडे लहान केले. लाटणं पुढे नेलं की खांद्यात कुठेतरी ओढ लागते, पण तोंड मिटण्याएवढी नाही. रेखा तव्यापाशी उभी होती. तिने पहिली पोळी उचलली, सगळ्या बाजूंनी बघितली, आणि टाकली तव्यावर.

नेने काका आले, डबा घेऊन. तुझ्या फोटोला हात जोडले. ताटातल्या पोळ्या बघितल्या. एक बाजू जाड, एक बाजू पातळ, आणि गोल म्हणावं तर गोल नाही.

"या कोणी लाटल्या?"

"मी."

"कमलबाई," ते म्हणाले, अगदी मायेने, "हात नसेल चालत तर तसं सांगा. आम्ही समजून घेऊ. थापा कशाला?"

मी पुन्हा पोळपाटापाशी गेले. एक उंडा घेतला, पिठात बुडवला, पोळपाटावर ठेवला. काका डबा हातात धरून उभे राहिले. मी लाटली. वेळ लागला. मध्ये एकदा थांबून श्वास सोडावा लागला, मग पुढे. कड फाटली एका बाजूला, ती जुळवली. रेखाने भाजली, फुगली थोडी, सगळी नाही. मी तूप लावून ती काकांच्या हातात दिली.

"गरम आहे तोवर खा," म्हटलं.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभ्याने खाल्ली.